पश्चिमेची खोली

माझा नवरा कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीला हात लावतो, माणसांशी नंतर बोलतो. घरमालक दारात उभे राहून "या, बसा" म्हणत असतात आणि हा दिवाणखान्याच्या भिंतीवर पंजा टेकवून, आजारी पोराचा ताप बघावा तसा डोळे मिटून उभा. मग म्हणतो, "ही पश्चिमेची." बरोबर मीही असले तर हसून वेळ मारून नेते.

तो आर्किटेक्ट आहे. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने ऊन असं पडतं की दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा कंटाळा करतात, त्यामुळे त्याची सगळी हुशारी उन्हाला घराबाहेर कसं थोपवायचं यातच खर्ची पडली. कुणी काचेची उंच भिंत मागितली की त्याचा चेहरा पडतो. साईटवरची माणसं त्याच्या माघारी त्याला 'सावलीसाहेब' म्हणतात. हे मला कळलं तेव्हापासून मी घरात तोंडावर म्हणते.

काम हाती घेतलं की कागदावर रेघ मारण्याआधी तो त्या कुटुंबाच्या जुन्या घरी एक अख्खा दिवस जाऊन बसतो. सोबत घडीचं स्टूल. एक कोपरा धरायचा आणि नुसतं बघायचं. पंख्याखालची जागा कोण पटकावतं, दुपारी कोण कुठल्या फरशीवर पसरतं, स्वयंपाक करणारं माणूस घाम पुसायला कुठे येऊन उभं राहतं. सुरुवातीला घरातले अवघडतात, चांगले कपडे घालून बसतात, चहावर चहा पाजतात. थोड्या वेळानं विसरतात, आणि मग खरं घर दिसायला लागतं, असं त्याचं म्हणणं. "विचारलं तर लोक सांगतात, हॉल मोठा हवा. बघितलं तर कळतं, हॉलमध्ये कुणी बसतच नाही." हे त्यानं मला लग्नाआधी ऐकवलं होतं आणि मी त्यावरच भाळले होते. मी शाळेत गणित शिकवते. सोडवायला घेण्याआधी उदाहरण नीट वाचणारी माणसं मला आवडतात.

आमचं स्वतःचं घर काढायची वेळ आली तेव्हा मात्र ते स्टूल गाडीच्या डिकीतच राहिलं. स्वतःच्याच घरात कोपऱ्यात बसून काय बघायचं, असं त्याला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होतो. डोक्यावर उघडा स्लॅब. संध्याकाळी नळ सोडला तर चहाचं पाणी वेगळं तापवायला नको. माणसं पाच: नवरा, मी, कॉलेजात जाणारी लेक, माझे सासरे आणि मावशी.

मावशी म्हणजे माझ्या सासूची धाकटी बहीण. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा ती एक पिशवी घेऊन बहिणीचं करायला आली. लग्न झालेलं नव्हतं, भावाकडे राहायची. सासूबाई गेल्या. नवरा तेव्हा शाळेत होता, शर्टाची बटणं वरखाली लावून फिरणारा. पोराची परीक्षा होईपर्यंत मावशी राहील, असं ठरलं. परीक्षा झाली. मग पुढची आली. पोरगा आर्किटेक्ट व्हायला निघाला, म्हणजे परीक्षांना काय तोटा. बायको गेलेल्या माणसाच्या घरात त्याची बिनलग्नाची मेव्हणी राहते म्हटल्यावर लोक बोलणार, म्हणून सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगून टाकायचे, "मेव्हणी आलीय, चार दिवस आहे." मावशीही तेच सांगायची. पुढे बोलणारे म्हातारे झाले, काही गेले, उरलेल्यांना आमची आठवणही राहिली नाही. पण ते चार दिवस काही हलले नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला तिची ओळख अशीच करून दिली होती. माझी लेक जन्मली, वाढली, कॉलेजात गेली, तरी मावशीचे चार दिवस चालूच.

तिला कपाट नव्हतं. कपडे पिशवीतच. एक पिशवी फाटली की ती तशीच दुसरी आणायची. सकाळी त्यातून एक घडी काढायची, वाळलेले कपडे आले की नीट घडी करून परत आत ठेवायचे, चेन लावायची. मी एकदोनदा म्हटलं, "मावशी, माझ्या कपाटातला एक कप्पा घ्या ना."

"कशाला गं. मी काय, आज आहे, उद्या नाही."

मी फार ताणून धरलं नाही. माझ्याच कपड्यांना जागा पुरत नव्हती, हे खरं कारण.

प्लॉट घेतला आणि एका रविवारी सकाळी नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर प्लॅन पसरला. पोरगं प्रगतिपुस्तक दाखवतं तसा चेहरा. आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसलो. मधोमध उघडा चौक, त्यात एक झाड. चौकाच्या वरून गरम हवा निघून जाणार आणि खालून गार हवा आत ओढली जाणार. उत्तरेला बाबांची खोली, कारण ते दिवसभर घरात. पूर्वेला लेकीची, सकाळच्या उन्हानं तरी उठेल म्हणून. आग्नेयेला आमची, खोल छज्जा असलेली. प्रत्येक खोलीवर त्यानं सुबक अक्षरात ज्याचं त्याचं नाव घातलं होतं.

"आणि हा आपला शत्रू," असं म्हणून त्यानं पश्चिमेच्या बाजूवर पेन्सिल आपटली. "इकडे कुणाला झोपवायचं नाही. इकडे जिना, न्हाणीघर, सामानाची खोली आणि ही पाहुण्यांची खोली. उन्हानं आधी यांच्याशी मारामारी करायची. आपल्यापर्यंत येईस्तोवर ते दमलं पाहिजे."

"मस्त," लेक म्हणाली. "आणि मावशीआजी कुठे?"

नवऱ्यानं प्लॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी प्लॅनकडे पाहिलं. मावशी तेवढ्यात चहा घेऊन आत आली. तिनं ऐकलं होतं.

"पाहुण्यांच्या खोलीत की," ती म्हणाली. "मी दुसरी कोण आहे?"

आम्ही हसलो. सुटल्यासारखे हसलो. सासरे तेवढे हसले नाहीत, त्यांनी वर्तमानपत्र उचललं. मावशीनं कप मांडले आणि प्लॅनवर बोट ठेवून विचारलं, "स्वयंपाकघराला वारा कुठून येणार रे?" झालं. नवरा खुलला. झरोके, वाऱ्याची दिशा, समोरासमोरच्या खिडक्या, सगळं त्यानं तिला इतकं रंगवून सांगितलं की चहा निवला. मावशी मान डोलवत होती. तो लहान असतानाही भूगोलाचा धडा तिलाच असा वाचून दाखवायचा म्हणे.

घर बांधायला बराच काळ लागला आणि त्यात माझ्या नवऱ्यानं अक्षरशः जीव ओतला. झोपायच्या खोल्यांना दुहेरी भिंती, मध्ये हवेची पोकळी. छतावर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे, ऊन परतवायला. छज्जा किती बाहेर काढायचा यावरून मिस्त्रीशी इतके वाद झाले की शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "साहेब, सूर्य तुमचं ऐकतो, मग माझं काय." पाहुण्यांच्या खोलीला मात्र एकेरी भिंत. तिथे दुहेरीचा खर्च कशाला, ती खोली हीच आतल्या घराची दुसरी भिंत होती.

राहायला गेलो तेव्हा हवा बरी होती. मग उन्हाळा लागला आणि घरानं नाव काढलं. बाहेर अंगाची लाही होत असायची आणि आत आल्यावर घाम जागच्या जागी वाळायचा. शेजारीपाजारी काही ना काही निमित्त काढून दुपारी येऊन बसायचे. लेकीच्या मैत्रिणी अभ्यासाला म्हणून यायच्या आणि चौकातल्या फरशीवर झोपून जायच्या. सासरे दुपारी पांघरूण घ्यायचे आणि येणाऱ्याला ते पांघरूण दाखवायचे. मला नवऱ्याचा अभिमान वाटत होता, हे खोटं कशाला सांगू.

मावशी दुपारी स्वयंपाकघरात बसायची. रात्री तिथेच जमिनीवर अंथरूण घालायची. "पाठीला जमीन बरी," असं तिनं सांगितलं. आम्ही तिची पाठ मनावर घेतली. डॉक्टरला विचारलं, मलम आणलं. आणि तिनं मलमही लावलं बिचारीनं.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी नवरा एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांना घर बांधायचं होतं. शाळेला सुट्टी, म्हणून मी घरीच होते. नवऱ्याचा नेहमीचा खेळ सुरू झाला. आमच्या खोलीच्या भिंतीला हात लावा. गार आहे की नाही? आता लेकीच्या. आता बाबांच्या. ते दोघंही थक्क. बाई हुशार होत्या, बारीकसारीक विचारत होत्या. त्यांनी पश्चिमेच्या बंद दाराकडे बोट केलं.

"ती पाहुण्यांची," नवरा म्हणाला. "चला, गंमत दाखवतो. ही खोली म्हणजे घराची एक जाडजूड भिंत समजा. सगळं ऊन ही खाते, म्हणून आत गार. इथे कुणी राहत नाही."

आणि त्यानं दार उघडलं.

आतली हवा तोंडावर आली तशी मी एक पाऊल मागे सरले. मावशी कॉटच्या कडेला बसली होती. डोक्यावरून आणि मानेवरून ओला टॉवेल, पाय पाण्याच्या बादलीत. गुडघा फार दुखत होता म्हणून त्या दिवशी ती स्वयंपाकघरात न बसता तिथे आडवी व्हायला गेली होती. कपाळावरचे केस चिकटलेले, चेहरा लाल. उशाशी चष्मा, गोळ्या, झाकण ठेवलेला तांब्या. कॉटखाली पिशवी.

ती चटकन उठली, टॉवेल मागे टाकला. "या ना, या. मी आपली जरा पडले होते. माझं काय, मी चार दिवसांची." मग त्या बाईंकडे वळून म्हणाली, "यालाच द्या काम. आतल्या खोल्यांत दुपारी पांघरूण लागतं, खोटं नाही सांगत."

त्या बाईंनी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. बादलीकडे पाहिलं, गोळ्यांकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे पाहिलंच नाही. "तुम्ही बसा, आजी. पाय वर घ्या," एवढंच म्हणाल्या. ते लोक पाणीही न घेता गेले. पुन्हा त्यांचा फोन आला नाही आणि नवऱ्यानंही केला नाही.

तो परत त्या खोलीत गेला. मावशी स्वयंपाकघरात निघून गेली होती, जणू काही झालंच नाही अशी भांडी आवरत. त्यानं भिंतीवर पंजा टेकवला आणि तो तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळानं मी आत गेले तर म्हणाला, "मी तिला भिंतीत ठेवलं."

मला राग आला होता. त्याचा आला, माझा स्वतःचा आला, आणि सोयीचं होतं म्हणून मावशीचाही आला. तोंड उघडायला काय झालं होतं हिला? एक शब्द बोलली असती तर काय आम्ही नाही म्हटलं असतं? हे सगळं मी मनातल्या मनात तावातावानं बोलले आणि मग आठवलं की आपण तिच्या पाठीला मलम आणलं होतं. त्यानंतर तिच्यावर रागवायला तोंड उरलं नाही.

नवरा त्या दिवशी जेवला नाही. मावशी दोनदा बोलवायला आली, त्याला तिच्याकडे बघवेना. "लोकांच्या घरी मी दिवस दिवस बसतो," तो म्हणाला. "इथे एक दुपार बसलो नाही. तिनं काय केलं असेल रोज? कुठे कुठे बसली असेल?" मला थोडंफार माहीत होतं आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे उपाय सुरू झाले. बाहेरून आणखी एक भिंत, तिच्यावर वेल, खिडकीला जाळी. मग स्वतःच म्हणाला, याला महिने लागतील, तोवर ती काय भाजत बसेल? आपणच तिकडे जाऊ आणि आपली खोली मावशीला देऊ. मावशीला सांगितलं तर ती हसली. "मला काही होत नाही रे. तुझं आपलं काहीतरीच. जा कामाला." त्यानं मान हलवली आणि दुपारी लेक तिला गुडघ्यासाठी दवाखान्यात घेऊन गेली, ती संधी साधली.

साईटवरून दोन माणसं बोलावली. आमचं सामान पश्चिमेला, तिची कॉट आमच्या खोलीत. मी अर्धं कपाट रिकामं केलं. कॉटखालची पिशवी ओढली, उघडली आणि तिचे कपडे लावून टाकले. कपड्यांखाली तिची स्वतःची चादर होती, स्वतःचा टॉवेल, डबीत स्वतःचा साबण. ती चादर, तो टॉवेल मी इतकी वर्षं दोरीवर वाळताना बघत होते. ते आमचं नाही, तिचं आहे, हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी तेही कप्प्यात ठेवलं. रिकामी पिशवी माळ्यावर टाकली. काम संपलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

मावशी आली. नवऱ्यानं तिला हाताला धरून खोलीत नेलं. कॉट, खिडकी, उशाशी तांब्या, सगळं जागच्या जागी. त्याचा चेहरा पुन्हा तोच, प्रगतिपुस्तकाचा. मावशीनं कपाटाचं दार उघडलं, आपल्या घड्या पाहिल्या.

"पिशवी कुठाय?"

"आता पिशवी कशाला, मावशी?" नवरा म्हणाला. "माळ्यावर टाकली."

"उघडली कुणी?"

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लेक दारात होती, ती मागे सरली. "मी," मी म्हटलं.

"मला न विचारता?"

सासरे काठी टेकत दारापर्यंत आले होते. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघायला लागले.

"भरलेली होती म्हणून राहिले मी इतकी वर्षं," ती म्हणाली. मग लेकीला सांगून पिशवी खाली काढून घेतली आणि एक एक घडी परत आत ठेवली. चादर, टॉवेल, साबणाची डबी. आम्ही चौघंही उभे. हात लावायची कुणाची छाती झाली नाही. चेन लावून झाल्यावर ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भावाकडे जाते. चार दिवस." नवऱ्यानं गाडीची किल्ली घेतली तर तिनं नको म्हटलं. रिक्षा बोलावली आणि गेली.

तिच्या ताटाची जागा रिकामी ठेवून आम्ही जेवायला बसलो. तेव्हा सासरे बोलले. भातावर बोट फिरवत, कुणाकडेही न बघता.

"ती आली त्याच वर्षी कुणीतरी काहीबाही बोललं होतं. मीच तिला म्हटलं, पिशवी बांधून बाहेरच्या खोलीत ठेवत जा. येणाऱ्याच्या नजरेला पडली म्हणजे बरं. तिनं ठेवली. पुढे लोक बोलायचे थांबले. तिला सांगायचं राहून गेलं, की आता सोडली तरी चालेल." मग म्हणाले, "मला वाटलं, तिला आता सवयच झाली असेल."

"रोज समोर दिसत होती की तुम्हाला," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं. त्यांनी घास परत ताटात ठेवला. नवरा उठून गेला.

आम्ही परत आमच्या खोलीत गेलो नाही. तो पश्चिमेच्या खोलीतच राहिला, पंखा बंद करून. मीही राहिले, पंख्यावरून भांडत. "तू घामानं भिजलास म्हणून तिला तिकडे वारा लागणार नाहीये," मी सुनावलं. "उगाच मला तरी शिजवू नकोस." त्यानं पंखा लावला. पण दुपारी साईटवरून मुद्दाम घरी यायचा आणि त्या भिंतीला पाठ लावून बसायचा. आता बसायचा. मी बघून न बघितल्यासारखं केलं नाही. शेजारी जाऊन बसले. भिंत खरंच फार तापायची. भर उन्हातल्यापेक्षाही उन्हं उतरल्यावर जास्त, कारण दिवसभर पोटात घेतलेलं सगळं ती तेव्हा बाहेर सोडायची. हे तो कुणालाही कागदावर आकडे मांडून सांगू शकला असता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मावशीकडे गेलो. नवऱ्यानं नवा प्लॅन काढला होता, आमच्या खोलीवर तिचं नाव घातलेला. गुंडाळी काखोटीला मारून निघाला. तिच्या भावाचं घर लहान आणि माणसांनी भरलेलं. मावशीची कॉट बाहेरच्या खोलीतच, चपलांच्या स्टँडला लागून. टीव्ही चालू, भावाची नातवंडं कॉटवरून उड्या मारून जात होती. ती भाजी निवडत बसली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला, तेच मला सोसवेना. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ती गुंडाळी ठेव बाजूला," ती म्हणाली. "आधी पाणी घे."

"मावशी, माझं चुकलं," नवरा म्हणाला. पोरांच्या गोंगाटात त्याला ते दोनदा म्हणावं लागलं. "तुला त्या खोलीत..."

"खोलीचं काय घेऊन बसलास," मावशी म्हणाली. "पश्चिम कुणाच्या तरी वाट्याला येणारच होती. तू विचारलं असतंस ना, तर मी तीच मागितली असती. तुम्हाला दोघांना सकाळी कामाला जायचं, पोरीला अभ्यास, भाऊजींचं वय झालं. मी म्हटलं असतं, मला दे ती." तिनं एक पालेभाजीचा देठ मोडला. "मागायला मिळालं नाही, एवढंच."

नवरा रडायला लागला. एवढा मोठा माणूस, चपलांच्या स्टँडशेजारी. नातवंडं उड्या मारायची थांबून बघायला लागली. मावशीनं त्याला आपल्या पदरानं डोळे पुसू दिले आणि म्हणाली, "पुरे. पोरं बघतायत."

"मग आता विचारतो," तो म्हणाला. "घरी चल. कुठली खोली हवी ते तू सांग. पिशवी भरलेली ठेव, नाहीतर रिकामी कर, तुझी मर्जी. पण चल."

तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मला वाटलं, आली. मी मनात तिचं सामानही उचललं.

"आत्ता नको विचारूस," ती म्हणाली. "आत्ता तुला वाईट वाटतंय, म्हणून विचारतोयस. मी आले तर तुझं वाईट वाटायचं थांबेल आणि मग मी तिथे कशाला आहे, ते मला पुन्हा कळायचं नाही. तुझं ते थांबू दे. मग ये, आणि मी हवी आहे म्हणून विचार. मी येते का नाही, ते तेव्हा बघू."

आम्ही परत आलो. गुंडाळी तिथेच राहिली, ती कुणी उघडली का माहीत नाही.

तेव्हापासून तो दर रविवारी तिच्याकडे जातो. सासरे सकाळपासून विचारतात, आज निघालास का. एकदा तेही गेले होते. दोघं समोरासमोर बसले, हवापाण्याचं बोलले, आणि परत येताना गाडीत ते म्हणाले, "सांगितलं मी तिला. सोड म्हणून." ती काय म्हणाली, ते आम्हाला सांगितलं नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, सरळ सांगून टाक ना, थांबलं म्हणून. आपल्याला ती हवीच आहे की. त्यात खोटं काय?" खरंच हवी आहे. संध्याकाळी घरी आल्यावर शाळेतलं कुणाला सांगावं ते मला कळत नाही. लेक स्वयंपाकघरात जाते आणि तशीच परत येते. तो म्हणाला, "हवी आहे ते खरंय. पण दुसरंही अजून खरंय. आणि तिच्यापुढे मला कधी खोटं बोलता आलंय?"

मागच्या रविवारी मात्र तो ठरवून गेला होता. आरशात चेहराबिहरा बघून. मी चौकात बसून वाट बघत होते. तो आला, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी फरशीवर बसला.

"विचारलंस?"

"तिनंच दार उघडलं," तो म्हणाला. "माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अजून नाही ना रे? मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, बरं, बस, चहा ठेवते."